समुद्रावर मासे गरवताना मित्रांची थट्टा: कोणती करावी, कोणती करू नये?

फुटाळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. येत्या नोव्हेंबरात आम्ही नागपूरचे काही शाळासोबती मालवणला जाणार आहोत. तिथे एक होडी ठरवून पहाटेपासून दुपारपर्यंत किनाऱ्यापासून बरेच आत मासे गरवायचा बेत आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी आजवर गळ टाकला तो खिंडशीच्या काठावर किंवा कन्हानच्या पात्रात, त्यामुळे खाऱ्या पाण्याशी कोणाचाच फारसा परिचय नाही.

आमच्या गटात एकमेकांची फजिती करण्याची जुनी रीत आहे आणि ती आम्हा सर्वांना मनापासून आवडते. या वेळी पाळी ज्याची आहे त्याला मी येथे ‘प्राध्यापक’ म्हणतो. त्याला मत्स्यशास्त्राची पुस्तके वाचण्याचा नाद आहे आणि कोणताही मासा समोर आला की तो त्याचे कूळ, सवयी आणि चव यांवर बोलू लागतो. मागच्या वर्षी त्याने आम्हा सगळ्यांना एका पहाटे खोटे कारण सांगून रामटेकच्या गडावर चढवले होते, त्यामुळे हिशेब बाकी आहे.

सध्या तीन सूचना चर्चेत आहेत. पहिली, तो डुलकी घेत असताना त्याच्या दोऱ्याला बादली बांधून ती पाण्यात सोडायची. दुसरी, ‘शार्क, शार्क’ असा ओरडा करायचा. तिसरी, त्याचे लाइफ जॅकेट लपवून ठेवायचे. यांपैकी तिसरी मला स्वतःला पटलेली नाही, परंतु माझ्या ‘नको’ला बाकीच्यांनी भित्रेपणा ठरवले आहे. ज्यांनी प्रत्यक्ष समुद्रावर असे काही केले किंवा पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

निवृत्त_दर्यावर्दी

माझी बरीच वर्षे व्यापारी जहाजांवर गेली असून आता मी नागपुरात स्थायिक आहे. तुमची तिसरी सूचना चर्चेलाही घेऊ नका. लाइफ जॅकेट ही वस्तू ज्या क्षणी लागते त्या क्षणी शोधायला वेळ नसतो आणि ती कोठे लपवली आहे हे ज्याला ठाऊक आहे तोच पाण्यात पडलेला असू शकतो.

दुसरी सूचना वरवर निरुपद्रवी वाटते, पण लहान फायबरच्या होडीत ती तितकीच वाईट आहे. कोणी ‘शार्क’ म्हणून ओरडले की सगळी माणसे एकाच वेळी एकाच बाजूला धावतात. होडी त्या बाजूला कलते, त्यातच आडवी लाट आली तर पाणी आत येते आणि उभी असलेली माणसे तोल जाऊन एकमेकांवर पडतात. ज्यांच्या हातात त्या वेळी गळ असतात ते गळ कोणाच्या तरी दंडात रुततात. ‘माणूस पडला’ अशी आरोळी तर थट्टेत कधीही देऊ नये. ती ऐकली की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, दुसरा कोणताही विचार न करता होडी वळवतो.

होडीवर बिनतारी संच असेल तर त्याला हात लावू नये, हेही सांगून ठेवतो. सोळाव्या वाहिनीवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, संकटाचा संदेश देतात आणि आसपासच्या सर्व नौका तीच वाहिनी ऐकत असतात. तेथे गमतीने काही बोलणे हा गुन्हा आहे. त्याच वेळी खरोखर कोणी मदत मागत असेल तर त्याचा आवाज दबतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांनी फोनमध्ये नोंदवून ठेवावा.

लक्ष्मीनगर_चौक

दर्यावर्दी काकांशी पूर्ण सहमत. मात्र एवढे सगळे वाचल्यावर थट्टेला जागा उरते कोठे, हा प्रश्न पडला.

देवगडची_लेक

जागा भरपूर उरते, लक्ष्मीनगर भाऊ. माझे माहेर देवगडचे आणि सासर नागपूरचे. माझ्या भावाची होडी आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना गरवायला घेऊन जाणे हा त्याचा हंगामातला जोडधंदा आहे, त्यामुळे बादलीची थट्टा मी अनेकदा जवळून पाहिली आहे.

ती करायची असेल तर नीट करावी लागते. बादली दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली की तिचे तोंड प्रवाहाकडे वळते, ती वाऱ्यात उघडलेल्या छत्रीसारखी भरते आणि दोरा असा ताणला जातो की नवख्या माणसाला आपल्याला भला मोठा गोब्रा लागला आहे असेच वाटते. तो उठतो, पाय रोवतो, गळकाठी पोटाशी लावतो आणि रीळ फिरवू लागतो. मासा असेल तर तो मधूनमधून झटके देतो, ओढ कधी वाढते, कधी सैल पडते. बादली मात्र एकसारखी जड राहते. जाणकार माणूस तेवढ्यावरून ओळखतो. नवखा ओळखत नाही, उलट ‘मोठा आहे, दमवतो आहे’ असे सांगत राहतो आणि बाकीचे त्याला पाणी पाजतात, पाठ थोपटतात. शेवटी निळी प्लास्टिकची बादली वर येते तेव्हा होडीवर जो गलका होतो तो खरोखर पाहण्यासारखा असतो.

परंतु माझा भाऊ याला दोन अटींवरच परवानगी देतो. पहिली अट अशी की होडी नांगरावर असली पाहिजे आणि इंजिन बंद असले पाहिजे. इंजिन चालू असताना बादलीची दोरी पंख्यात गेली तर पंखा अडकतो आणि खलाशाला कोयता घेऊन पाण्यात उतरावे लागते. दुसरी अट अशी की समोरच्याकडे गळकाठी आणि रीळ असले पाहिजे. पुष्कळ पाहुणे नुसता दोरा बोटावर गुंडाळून धरतात. अशा दोऱ्याला बादलीचे वजन अचानक लागले तर तो बोटात खोल कापत जातो. नायलॉनच्या दोऱ्याने पेऱ्यापर्यंत चिरलेले बोट मी पाहिले आहे. त्या दिवशी गरवणे अर्ध्यावर टाकून होडी परत आणावी लागली होती.

सदर_छावणी

इतक्या अटी घालून केलेली थट्टा ही थट्टा राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही मुरुडला गेलो होतो तेव्हा कोणालाही न विचारता बादली बांधली होती, कोणाचे काही बिघडले नाही आणि आजही आमच्या गप्पांत तो विषय निघाला की सगळे हसतात. ज्याची फजिती झाली तोही हसतो. तुम्ही सर्वजण समुद्राची इतकी भीती घालत आहात की धागाकर्त्याने सहलच रद्द करावी.

निवृत्त_दर्यावर्दी

@ सदर_छावणी: तुमच्या मित्राला त्या आठवणीने आजही हसू येते याचा मला आनंद आहे. मात्र होडी कोणाच्या मालकीची आहे हा मुद्दा तुमच्या लिहिण्यात आलेला नाही. तांडेलाचा पंखा अडकला तर त्याचा दिवस बुडतो आणि त्याची भरपाई आपण हसून करू शकत नाही. त्याला आधी विचारणे म्हणजे घाबरणे नव्हे.

कान_नाक_घसा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून चर्चेत न आलेल्या एका प्रकाराविषयी लिहितो. होडीवर सर्वांत जास्त थट्टा होते ती बोट लागलेल्या, म्हणजे होडीच्या हेलकाव्यांनी मळमळणाऱ्या, माणसाची. त्याच्यासमोर मुद्दाम तळलेल्या बांगड्याचे वर्णन करणे, त्याच्या नाकाशी आमिषाची वाटी नेणे, उलटी करतानाचे चित्रण करून सगळ्यांना पाठवणे हे सर्रास चालते. यात कोणाला धोका आहे असे कोणालाच वाटत नाही, म्हणून त्याला कोणी अडवतही नाही.

बोट लागते ती अशी. आतल्या कानातील तोलाची इंद्रिये शरीर हलत असल्याचे मेंदूला कळवतात, त्याच वेळी डोळ्यांसमोरची होडीची फळी मात्र स्थिर दिसते, आणि या दोन बातम्यांचा मेळ बसत नाही. म्हणून खाली वाकून गळाला आमिष लावणाऱ्याला त्रास लवकर होतो आणि दूर क्षितिजाकडे पाहणाऱ्याला कमी होतो. धावत्या होडीपेक्षा नांगरावर डुलणाऱ्या होडीत, त्यातही डिझेलचा वास येत असेल तर, हा त्रास वाढतो. गरवण्याचे काम तर बहुधा नांगरावरच चालते. वारंवार उलट्या झाल्या तर शरीरातील पाणी कमी होते आणि उन्हात ते गंभीर ठरू शकते.

याच संदर्भात एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात इस्रायली नौदलाच्या काही प्रशिक्षणार्थींना समुद्रावर जाण्यापूर्वी असे सांगण्यात आले की त्यांना बोट लागण्याची शक्यता कमी आहे आणि लागली तरी त्यांच्या कामावर परिणाम होणार नाही. ज्यांना असे सांगितले नव्हते त्यांच्या तुलनेत या मुलांना त्रास कमी झाला आणि त्यांचे कामही चांगले झाले. मग ‘तुला आज नक्की ओकारी होणार’ असे आदल्या रात्रीपासून मित्राला चिडवत राहिल्याने काय होत असेल, याचा विचार करावा. प्राध्यापकांना चिडवायचे असेल तर त्यांच्या माशांच्या ज्ञानावरून चिडवा. पोटावरून चिडवू नका. आणि कोणाची गोळी लपवू नका. ती निघण्यापूर्वी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

महाल_गल्ली

डॉक्टरसाहेब, ही माहिती फार मोलाची आहे. मला आमच्या हर्णैच्या सहलीत असाच एक मित्र दिवसभर होडीच्या कडेला पडून राहिलेला आठवतो. त्याचे चित्रण आमच्यापैकी एकाने गटावर टाकले आणि तो मित्र त्यानंतर कोणत्याच सहलीला आला नाही.

वाचनवेडा_नागपूरकर

थोडे विषयांतर करतो, परंतु ते मुद्द्याला धरून आहे. समुद्रावरच्या थट्टेला मोठा इतिहास आहे. जहाज विषुववृत्त ओलांडते तेव्हा पहिल्यांदाच तेथून जाणाऱ्या माणसाला समुद्रदेवाच्या दरबारात उभे करून त्याची फजिती करण्याची खलाशांची प्रथा आहे. चार्ल्स डार्विनही यातून सुटला नाही. ‘बीगल’ जहाजाने फेब्रुवारी १८३२ मध्ये विषुववृत्त ओलांडले तेव्हा खलाशांनी त्याच्या तोंडाला रंग आणि डांबर फासले, लोखंडी पट्टीने त्याची ‘दाढी’ केली आणि पाण्याने भरलेल्या शिडात त्याला बुचकळले. म्हणजे निसर्गशास्त्रज्ञाची थट्टा करण्याची परंपरा चांगली जुनी आहे, आणि तुमचे प्राध्यापक त्या रांगेत मानाने उभे राहतील.

सदर_छावणी

हे वाचून बरे वाटले. डार्विनने ते सहन केले, तर प्राध्यापकांना बादली काय जड आहे!

मेडिकल_चौक_वाली

@ वाचनवेडा, @ सदर_छावणी: अशा प्रथांची दुसरी बाजूही पाहावी. नवख्यांना त्यात मारहाण झाल्याच्या, माणसे जखमी झाल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांच्या नौदलांत घडल्या आहेत आणि म्हणूनच पुढे या समारंभांवर निर्बंध आले.

मला या संपूर्ण चर्चेत एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या गच्चीवर किंवा फुटाळ्याच्या चौपाटीवर कोणाची थट्टा केली आणि त्याला ती सहन झाली नाही, तर तो उठून घरी जाऊ शकतो. होडीतून कोणी उठून जाऊ शकत नाही. त्याला त्याच फळीवर, त्याच माणसांबरोबर, परतेपर्यंत बसून राहावे लागते. म्हणून होडीवरची थट्टा अशी असावी की जिच्यावर ती केली ती व्यक्ती ‘पुरे’ म्हणाली की त्या क्षणी ती संपेल. बादली वर आली की संपते. लपवलेले जॅकेट, पाण्यात ढकलणे, पोहता न येणाऱ्याला काठावर धरून हलवणे हे असे संपत नाही, कारण त्यानंतरचा सगळा वेळ तो माणूस धास्तीत काढतो. आमच्या गटात मुलीही असतात आणि ‘ढकलाढकली’ हा प्रकार बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला येतो, हेही येथे नमूद करते.

सदर_छावणी

ताई, हा मुद्दा मला मान्य आहे. ढकलण्याचे समर्थन मी करत नाही आणि करणारही नाही. बादलीबाबत मात्र माझे मत कायम आहे.

मरळ_की_सुरमई

आणखी एक प्रकार बंद व्हायला हवा, तो म्हणजे कोणाच्या पिशवीत किंवा बुटात मासा घालून ठेवणे. समुद्रात गळाला शिंगाळा हमखास लागतो. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांतील काट्यांत विष असते आणि मासा मेल्यानंतरही ते काटे तितकेच टोचतात. पाकटाच्या शेपटीवरील काट्याचेही तेच. असा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, कारण उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो आणि वेदना शमतात. त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.

केंड लागला तर तो फुगून चेंडूएवढा होतो आणि प्रत्येकाला तो मित्राच्या हातात द्यावासा वाटतो. देऊ नये. त्याचे दात चोचीसारखे असतात आणि बोटाला चांगलाच चावा बसतो. त्याच्या शरीरातील विष शिजवूनही जात नाही, त्यावर उतारा नाही, म्हणून गमतीतसुद्धा तो खाण्याच्या माशांच्या टोपलीत टाकू नये. तांडेलाला सांगावे, तो गळ सोडवून त्याला पाण्यात सोडून देतो.

भोईपुरा_बाजार

सगळ्यांचे वाचले. आता धागाकर्त्याला माझ्याकडून एक बेत सुचवतो. ज्यांच्या ज्ञानाची थट्टा करायची त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली थट्टा मला तरी माहीत नाही.

निघण्याच्या दिवशी भोईपुऱ्याच्या बाजारातून एक ताजा, दीड-दोन किलोचा रोहू घ्यावा. थर्माकोलच्या पेटीत भरपूर बर्फ घालून तो बरोबर न्यावा. समुद्रात गेल्यावर प्राध्यापक न्याहारीला होडीच्या पुढच्या टोकाकडे गेले की मागच्या बाजूला त्यांचा दोरा वर ओढून घ्यावा, गळ रोहूच्या वरच्या ओठातून घालावा आणि अलगद पुन्हा खाली सोडावा. मेलेला मासा झटके देत नाही, म्हणून ते परत येऊन बसल्यावर एकाने त्यांच्या पाठीमागून गळकाठीच्या टोकाजवळचा दोरा दोन बोटांनी हळूच दोन-तीनदा खेचावा. बाकीचे काम तेच करतील.

रोहू हा गोड्या पाण्यातला मासा आहे. नदीतून, तळ्यातून, धरणातून तो मिळतो. अरबी समुद्रात मालवणसमोर तो गळाला लागणे शक्यच नाही. जन्मभर नागपुरात रोहू खाल्लेला आणि माशांवर व्याख्याने देणारा माणूस समुद्राच्या मध्यावर तोच मासा हातात घेऊन काय बोलतो, हे ऐकण्यासाठी मी स्वतः तिकीट काढून येईन.

लक्ष्मीनगर_चौक

हा बेत मंजूर. यापुढे बादलीचे नाव कोणी काढू नये.

देवगडची_लेक

बेत उत्तम आहे, फक्त एका गोष्टीने तो उघडा पडेल. बर्फातला मासा हाताला थंडगार लागतो आणि नोव्हेंबरात आमच्याकडचे समुद्राचे पाणी कोमट असते. पाण्यातून आलेला मासा असा गार नसतो. प्राध्यापकांनी हात लावताच त्यांना शंका येईल. म्हणून रोहू बर्फातून काढून निदान अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवावा. दुसरे म्हणजे, डोळे पांढरट पडलेला मासा घेऊ नये. कल्ले लालभडक आहेत का तेही बाजारातच पाहून घ्यावे.

कान_नाक_घसा

नागपूरहून मालवणपर्यंत मासा टिकेल का? रेल्वेच्या डब्यात वासाचा त्रास सहप्रवाशांना होऊ नये, एवढेच म्हणतो.

भोईपुरा_बाजार

@ कान_नाक_घसा: पोट साफ करून, दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करून, वरखाली बर्फ घातला आणि वाटेत बर्फ बदलला तर मासा एक-दोन दिवस उत्तम राहतो आणि पेटी नीट चिकटपट्टीने बंद केली तर वासही येत नाही. पोट साफ केल्याची चीर मात्र लहान ठेवायला सांगावी, नाहीतर प्राध्यापक ती पाहतील.

मरळ_की_सुरमई

त्यांनी तो क्षणात ओळखला तर? रोहूचे मोठे खवले आणि खालच्या बाजूला वळलेले, झालर असलेले ओठ कोणाच्याही लक्षात येतील.

मेडिकल_चौक_वाली

ओळखला तर आणखीच चांगले. मग ते सगळ्यांकडे एकेक करून पाहतील आणि मासा कोणी आणला हे शोधत बसतील. त्यात त्यांचाही मान राहतो.

फुटाळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आमच्या गटाची बैठक झाली आणि मी हा संपूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. जॅकेट लपवण्याची सूचना ज्याने केली होती त्यानेच ती मागे घेतली. ‘शार्क’चा ओरडाही रद्द झाला. रोहूचा बेत एकमताने ठरला असून मासा आणण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. आम्ही नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरणार आहोत, त्यामुळे पेटीत बर्फ दोनदा तरी बदलावा लागेल.

आमच्यापैकी दोघांना यापूर्वी बसमध्येसुद्धा मळमळण्याचा त्रास झालेला आहे. डॉक्टरांचे म्हणणे लक्षात घेऊन त्या दोघांना होडीच्या मध्यभागी, क्षितिज दिसेल असे बसवायचे आणि त्यांच्यासमोर त्या विषयाचा उच्चारही करायचा नाही, असे ठरले आहे. एक प्रश्न शिल्लक आहे. तांडेलाला हे आधी सांगावे की त्यालाही चकित होऊ द्यावे?

देवगडची_लेक

आदल्या संध्याकाळीच सांगा. माझ्या माहेरी निघण्यापूर्वी होडीला नारळ आणि अगरबत्ती केल्याशिवाय नांगर उचलत नाहीत. सकाळच्या त्या वेळी त्याच्यासमोर थर्माकोलची पेटी उघडून मेलेला मासा काढणे बरे दिसणार नाही. सांगितलेत तर तोच प्राध्यापकांना ‘असा मासा इथे कधी पाहिला नव्हता’ असे म्हणून तुमची बाजू सांभाळेल. त्याच्या तोंडून आलेल्या त्या एका वाक्याला तुमच्या सगळ्यांच्या अभिनयापेक्षा जास्त वजन असेल.

निवृत्त_दर्यावर्दी

आणि निघण्याच्या आधी दोन दिवस हवामान खात्याचा अंदाज पाहत राहा. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपली की समुद्र मोकळा झाला असे अनेकांना वाटते, परंतु २०१९ साली ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच अरबी समुद्रात उठली होती. तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका. रोहू किनाऱ्यावर शिजवून खा आणि प्राध्यापकांसाठी दुसरा घेऊन पुढच्या वर्षी या. थर्माकोलची पेटी मात्र समुद्रात टाकू नका, परत घेऊन जा.